सातव्या मजल्यावरची झळ

दाराची कडी बाहेरून लावलेली होती. सकाळी कामावर जाताना अपेक्षानं स्वतःच्या हातानं लावलेली. उन्हं कलताना तिनंच ती काढली.

दार उघडलं आणि आतून झळ आली. भट्टीचं तोंड उघडावं तशी.

"आई?"

ती आत धावली.

कस्तुराबाई न्हाणीघराशेजारच्या बोळात, झरोक्याखाली पाटावर बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे भिंतीला कलल्या होत्या. ओठ वाळलेले. कपाळाला हात लावला तर चटका. आणि एवढ्या काहिलीत अंगावर घामाचा टिपूस नव्हता.

अपेक्षा ओरडली. जिन्यातून माणसं धावत आली. कुणी पाणी शिंपडलं, कुणी खुर्चीवर घालून बाईंना लिफ्टकडे नेलं.

होटगी रस्त्यावरचं 'शीतलबन' हे सोलापुरातलं नवलाचं संकुल. चार उंच इमारती आणि एकाही भिंतीवर एसीचा डबा नाही. तळघरात सगळ्यांचा मिळून एकच प्लांट. तिथं पाणी बर्फागत गार व्हायचं, नळ्यांतून घराघरांत फिरायचं, घरांची ऊब पोटात घेऊन परतायचं. ती ऊब गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून आभाळात सोडून द्यायची. गारवा सांडू नये म्हणून खिडक्यांना न उघडणाऱ्या काचा. घरात स्वतःचा एसी लावायला बंदी.

अशा ठिकाणी, प्लांट चालू असताना, एक म्हातारी घरात बसून उन्हानं भाजून निघाली होती.

रुग्णवाहिका फाटकाबाहेर पडली आणि पोलिसांची जीप आत आली.

सहायक निरीक्षक उत्कर्षा वाघमोडे मूळची कुर्डुवाडीची. बाप रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. कुठलंही यंत्र दिसलं की आधी हात लावून बघायची खोड तिला घरातूनच लागलेली. बरोबर हवालदार जोतीराम, उजनीकाठच्या गावचा, पोट सुटलेला आणि जीभही.

"सात मजले, म्याडम. लिफ्ट चालू हाय न्हवं?"

"चालू आहे. नसती तरी आलाच असतात."

सातव्या मजल्यावर एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ वाट बघत उभे होते.

"मी मल्लिनाथ बिराजदार. सोसायटीचा अध्यक्ष. निवृत्त अभियंता. ह्याच घराच्या खाली राहतो, सहाव्यावर. मॅडम, कारण शोधायला लांब जायला नको. हे बघा."

त्यांनी जिन्याजवळचं लोखंडी कपाट उघडलं. मजल्यावरच्या घरांना जाणाऱ्या नळ्या, प्रत्येकीवर एक व्हॉल्व्ह. सगळे दांडे नळीच्या रेषेत होते. एक आडवा.

"आडवा म्हणजे बंद. हा कस्तुराबाईंच्या घराचा. त्यांचं गार पाणीच तोडलं कुणीतरी."

"कपाटाला कुलूप?"

"नाही. अडीअडचणीला पटकन उघडता यावं म्हणून. पण हात लावतो तो फक्त ऑपरेटर. खालिद नदाफ."

"तुम्ही हे केव्हा बघितलंत?"

"बाईंना खाली नेत होते तेव्हा. सगळे त्यांच्यामागं धावले. मी म्हटलं, आधी व्हॉल्व्ह बघू."

उत्कर्षानं नळीला हात लावला. व्हॉल्व्हच्या अलीकडं नळी गार होती, घामेजलेली. पलीकडंही गार, घामेजलेली. एक थेंब तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. दिवसभराच्या धगीनंतर तो थेंब मायेचा वाटला. तिनं हात जरा वेळ तिथंच ठेवला.

मग ती घरात गेली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बोळ. काचांतून सगळं शहर दिसत होतं, पण शहराचा वारा आत यायला फट नव्हती. उघडणारं एकच होतं: बोळातला झरोका. तो इमारतीच्या पोटातल्या डक्टमध्ये, वरपासून खालपर्यंतच्या उभ्या पोकळीत उघडायचा. उत्कर्षानं डोकं बाहेर काढून बघितलं. वर तोंडाशी कबुतरं येऊ नयेत म्हणून पत्रा ठोकलेला. खाली थोड्या अंतरावर जाळी, तिच्यावर काड्या, पिसं, घाण. जाळीच्या खाली अंधार. हवा तुंबलेली.

भिंतीवरचं गारव्याच्या पंख्याचं बटण बंद होतं.

"पानीच येईना म्हणल्यावर म्हातारीनं बंद केलं असंल," जोतीराम म्हणाला.

"असेल. किंवा आधीपासूनच बंद असेल."

सगळं बघून झालं, पंचनामा झाला. निघताना उत्कर्षाचा हात पुन्हा त्या नळीकडं गेला. तेवढाच गारवा. अलीकडची बाजू तशीच ओली, टपटपणारी. पलीकडची मात्र कोरडी होती. कोमट.

"जोतीराम, मघाशी ही ओली होती ना?"

"व्हय की. आता वाळली."

लिफ्टमध्ये ती दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर घासत राहिली.

खालिद प्लांटच्या दारातच उभा होता. तिशीतला, खांद्यावर पंचा. सभोवती रहिवाशांचा गराडा. कुणीतरी त्याची कॉलर धरलेली.

"अपेक्षाबाईंशी तुझं भांडण झालं होतं?"

"झालं होतं. लपवत नाही."

"कशावरून?"

"चार-पाच दिवस रोज खाली यायच्या. म्हणायच्या, आई सांगते दुपारी घर तापतंय, तू पाणी कमी सोडतोस. मी वर जाऊन बघून आलो. पाणी बरोबर, गारवा बरोबर. दुसऱ्या दिवशी परत हजर."

"मग काय म्हणालास?"

खालिदनं पंच्यानं तोंड पुसलं.

"फाटकातल्या सगळ्यांनी ऐकलंय, खालिद."

"म्हणालो, बंदच करतो तुमचं पाणी. मग कळेल तापणं कशाला म्हणतात." त्यानं मान हलवली. "तोंडातून निघालं मॅडम. हातातून नाही निघालं."

वरिष्ठांना तेवढं पुरलं. धमकी होती, बंद व्हॉल्व्ह होता. म्हातारी शुद्धीवर नव्हती. तिचं काही बरंवाईट झालं तर कलम चढणार होतं. फोनवर हुकूम आला: प्लांटला सील, खालिदला कोठडी, उद्या दुपारनंतर कोर्टात उभा करा.

"साहेब, एक नळी मला अजून कळली नाही," उत्कर्षा म्हणाली.

"कोर्टाला कळेल," पलीकडून उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी शीतलबन म्हणजे काचेची बरणी झाली होती. झाकण घट्ट लावून उन्हात ठेवलेली.

प्लांट थांबला होता आणि खिडक्या उघडत नव्हत्या. ज्या काचांनी इतके दिवस गारवा धरून ठेवला, त्याच आता ऊन धरून बसल्या. पोरं फरशीवर पोट टेकून पडली होती. बाया जिन्यात दारं उघडी टाकून पदरानं वारा घेत होत्या. कुणीतरी स्क्रूड्रायव्हरनं काचेचं रबर उचकटत होतं. जो तो शेजाऱ्याकडं बघत होता, जणू ही धग त्यानंच आणली.

तळमजल्यावर पृथ्वीराजचं एसीचं दुकान. तिथं मात्र गर्दी.

"आज तुमची चांदी," उत्कर्षा म्हणाली.

"मॅडम, एसी विकतो. माणसं नाही मारत." तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "प्लांट बंद पडावा असं मला वाटतं, हे खरंय. मीटिंगमध्ये तोंडावर सांगतो. ज्याला त्याला आपापला एसी असावा. पण इथं एक डबा आत आणून दाखवा! बिराजदार साहेब फाटकात हजर. मागं एकानं चोरून बसवला, साहेबांनी स्वतः उभं राहून काढायला लावला."

"इतके कडक?"

"घरातही तसेच. बायको, पार्वतम्मा, अंथरुणाला खिळलेली. अंगात सारखी आग होते म्हणे तिच्या. तरी सगळ्यांच्या घरात सव्वीस अंश म्हणजे त्यांच्याही घरात सव्वीसच. मला त्यांचं पटत नाही, पण माणूस सरळ."

"तुमच्याकडून इथं कुणी एसी नेला?"

"माझ्याकडून कुणी नाही. सोलापुरात दुकान काय एकच आहे का?"

उत्कर्षा जिन्यानंच वर निघाली. सहाव्यावर बिराजदारांनी दार अर्धं उघडलं आणि स्वतः बाहेर येऊन ते मागं ओढून घेतलं. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता, डोळे तारवटले होते.

"सील कधी निघणार, मॅडम?"

"तपास संपला की. पार्वतम्मांशी दोन शब्द बोलता येतील?"

"तिचा आत्ताच डोळा लागलाय."

त्याच वेळी आतून क्षीण आवाज आला. "नीरु... रीऽ, नीरु..."

"पाणी मागतेय," बिराजदार घाईनं म्हणाले. "मॅडम, तुम्ही अजून किती वेळ आहात इथं?"

"का?"

"नाही... पोलीस असले की लोक बिथरतात. कधी निघणार म्हणजे?"

"निघतोच," उत्कर्षा म्हणाली, आणि सातव्यावर गेली.

कस्तुराबाईंच्या शेजारचं दार शिवलीलाचं. ही बाई कडक भाकरी करून दुकानांना घालायची. आत पातळ थापलेल्या ज्वारीच्या भाकरींच्या चळती, पिठाचा वास आणि ती स्वतः, कपाळावर पीठ, ओठांवर वैताग.

"बसा मॅडम, पण पंख्याखाली बसू नका, पीठ उडतंय. कसं हाय अक्काचं?"

"शुद्ध नाही अजून. काल दुपारी तुम्ही काही ऐकलंत?"

"ऐकलं की. तेच तर डोक्यातनं जाईना. आमच्या दोघींचे झरोके एकाच डक्टात. ती तितं बसून ओव्या म्हणायची, मी हितं भाकऱ्या थापायची. तिच्या तालावर माझा हात चालायचा."

"झरोक्याशी का बसायची? खोलीत गारवा होता ना?"

"बंद करायची ती! म्हणायची, एकटीला कशाला गारवा, लेक आली की लावीन. गिरणीच्या चाळीत आयुष्य गेलं तिचं. झरोक्याची झुळूक तेवढी तिला आपली वाटायची. त्या डक्टात ऊन उतरत न्हाय, गार असायचं बघा."

"काल कुठली ओवी म्हणाली?"

शिवलीला थबकली. मग हळू आवाजात म्हणाली:

"झरोक्याच्या वाटं, वारा येतो हळूहळू..."

"पुढं?"

"पुढं, 'माझ्या माहेरच्या आडाचं, पाणी वाजे झुळूझुळू.' रोज म्हणायची. काल पहिलीच ओळ आली. दुसरी आलीच न्हाय. मला वाटलं, लागला डोळा म्हातारीचा." तिनं तोंड फिरवलं. "उठून बघायला काय झालं होतं मला? हातात पीठ होतं, एवढंच."

शिवलीलानं एक भाकरी उचलून रागानं परत आदळली.

"आणि ह्या बघा! वाळायचं नाव न्हाय आज. चार-पाच दिवस लई भारी चाललं होतं. झरोक्यापाशी सूप ठेवलं की दुपारची भाकरी बघता बघता कडक. कटकन मोडायची. आज बघा, चामड्यागत वाकतीय."

"आज तर कालपेक्षा जास्त तापलंय."

"तेच की! ऊन वाढलं आणि भाकरी वाळंना. कुठला न्याय?"

"मग गच्चीवर ठेवा. काल-परवापर्यंत तो टॉवर चालू होता, गरम वारा सोडायचा."

"ठेवून बघितलं मागं एकदा. वाळायची सोडून भिजली! बुरशी आली वर. तिथला वारा गरम पण ओला असतो मॅडम. वाफाळलेला. झरोक्यातला कोरडा होता, फुफाट्यागत."

उत्कर्षा ती वाकलेली भाकरी हातात घेऊन उभी राहिली.

"ही मी नेऊ का?"

"खायला न्हाय चांगली."

"खायला नकोय. जोतीराम!"

जिन्यात बसून वारा घेणारा जोतीराम उठला. उत्कर्षानं त्याला बाजूला घेऊन काही सांगितलं. त्याचे डोळे विस्फारले.

"कडी भायेरनं लावू? तुमाला आत ठिवून?"

"काल होतं तसंच सगळं हवं. जीप खाली पाठवा. मोठ्यानं बोलत जा, सगळ्यांना कळू दे पोलीस गेले म्हणून. तुम्ही मात्र थांबा."

जीप गेली. फाटक करकरत बंद झालं. बाहेरून कडी सरकली.

उत्कर्षा कस्तुराबाईंच्या पाटावर बसली. झरोक्यात तिनं भाकरी टेकवली आणि टॉवेलचा एक दोरा काढून चौकटीला बांधला. दोरा सरळ लोंबत होता. मेल्यासारखा.

घर किती गप्प असतं, बाहेरून कडी लागली की! ह्या दारामागं रोज एक बाई बसायची. विसरभोळी झालेली, रस्ता चुकेल म्हणून मायेनं कोंडलेली. लेकीची माया दारात, नियमांची माया काचांत. सगळ्यांनी तिला जपलं होतं आणि निसटायला कुणी फट ठेवली नव्हती.

घामानं वर्दी भिजली. वेळ जाता जाईना.

मग खालून कुठूनतरी बारीक घरघर सुरू झाली.

दोरा हलला. आधी किंचित, मग घराच्या आत, तिच्याकडं झुकला. पाठोपाठ श्वास आला. कोरडा, तापलेला, कुण्या जनावरानं तोंडावर सोडावा तसा. डोळे चुरचुरले. घसा एका क्षणात वाळला. अंगावरचा घामसुद्धा सुकून गेला. झरोक्यातल्या भाकरीची कड आक्रसून वर उचलली गेली. उत्कर्षानं ती मोडली. कट्.

बस झालं. ती उठली. भिंतीला धरत ती दाराशी पोहोचली.

"जोतीराम!"

उत्तर नाही.

तिनं दारावर थापा मारल्या. "जोतीराम! कडी काढा!"

पाठीमागून झळ येतच होती, बोळातून खोलीत, खोलीतून दारापर्यंत. काचेपलीकडं रस्त्यावर माणसं चालत होती, मुंगीएवढी. हाक त्यांच्यापर्यंत जाणार नव्हती. उत्कर्षाला माहीत होतं की दार उघडणार आहे. तरीही तिनं पुन्हा दोन्ही मुठींनी दार बडवलं. कस्तुराबाईंना तर तेही माहीत नव्हतं.

धावती पावलं. कडी निघाली.

"म्याडम! आवो, पाचव्याच्या झरोक्याशी कान लावून बसलो होतो!" जोतीराम धापा टाकत होता. "तितं हवा गारच हाय. घरघर मातूर वरनं येतीया."

"पाचव्याच्या वर," उत्कर्षा म्हणाली, "आणि सातव्याच्या खाली. चला. त्याआधी ठाण्याला फोन लावा. खालिदला कोर्टात नेऊ नका म्हणावं. इकडं आणा."

सहाव्यावर तिनं बेल वाजवली. एकदा, दोनदा. जिन्यातले लोक उठून जवळ आले. शिवलीला वरून उतरली, पृथ्वीराज खालून चढला.

दार उघडलं. बिराजदारांच्या पायांवरून गार हवा जिन्यात सांडली. उघड्या पावलांनी उभ्या असलेल्या बायांनी खाली बघितलं, मग वर त्यांच्या तोंडाकडं.

"साहेब," उत्कर्षा म्हणाली, "प्लांटला सील आहे. हा गारवा कुठला?"

बिराजदारांनी दार ओढून घ्यायला हात मागं नेला.

"मग मीच सांगते. तुम्ही अभियंता आहात, चुकलं तर सांगा. गारवा कुणी तयार करत नाही. यंत्र फक्त उष्णता एका जागेवरून उचलतं आणि दुसऱ्या जागी टाकतं. बरोबर?"

"बरोबर," बिराजदार पुटपुटले.

"प्लांट सगळ्यांची उष्णता गच्चीवर नेऊन आभाळात टाकतो. तिथला वारा ओला असतो. पण गेले चार-पाच दिवस कस्तुराबाईंच्या झरोक्यातून कोरडा, जाळणारा वारा येत होता. शिवलीलाबाईंच्या भाकऱ्या त्यावरच वाळल्या. म्हणजे तो प्लांटचा नव्हता. कुणाच्या तरी खाजगी एसीचा होता. भिंतीवर डबा टांगला असता तर दिसला असता, म्हणून तो डक्टमध्ये टांगला. जाळीच्या खाली, जिथं नजर पोहोचत नाही. डक्टला वर पत्रा. उष्णतेला जायला एकच वाट उरली, वरच्या मजल्याचे झरोके. शिवलीलाबाईंकडं दार उघडं, पंखा चालू, माणसांची ये-जा. कस्तुराबाईंकडं सगळं बंद. गारवा बंद, दार बंद, आणि त्या स्वतः झरोक्याच्या तोंडाशी."

"पण मॅडम, व्हॉल्व्ह बंद होता ना?" पृथ्वीराजनं विचारलं. "तो खालिदनंच..."

"घरातल्या बटणानं फक्त पंखा थांबतो, नळीतलं पाणी फिरतच राहतं. व्हॉल्व्ह बंद केला की मात्र पुढच्या नळीतलं पाणी थांबतं, कोमट होतं, आणि आपल्या ह्या कोरड्या हवेत नळीचा घाम लगेच वाळतो. काल मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा व्हॉल्व्हच्या पलीकडची नळीही गार आणि ओली होती. पंचनामा होईपर्यंत वाळली. तो व्हॉल्व्ह दुपारी बंद केलेला असता, तर मी आले तेव्हा पलीकडं ओल सापडलीच नसती. तो मी यायच्या जरासा आधी बंद झाला. बाई सापडल्यानंतर. त्या वेळी खालिद तळघरात होता, आरडाओरडा झाल्यापासून खालचे लोक त्याची कॉलर धरून उभे होते. आणि मजल्यावरचे सगळे बाईंमागं धावत असताना कपाटाकडं एकच माणूस गेला. त्यानंच मला तसं सांगितलं."

उत्कर्षा बिराजदारांकडं वळली.

"व्हॉल्व्ह बघायला नाही गेलात, साहेब. फिरवायला गेलात. झळ तोंडावर आली आणि तुम्हाला एका क्षणात कळलं ती कुठून आली. खाली येऊन एसी बंद केलात. आज सकाळभर बंदच ठेवलात, पोलीस जाण्याची वाट बघत."

"मला बाईंना मारायचं नव्हतं," बिराजदार म्हणाले. आवाज वाळक्या पानागत. "देवाशपथ. झळ वर जाईल हे मला कळायला हवं होतं. मला! पण मी मनाला समजावलं, डक्ट मोठा आहे, विरून जाईल. सव्वीसचा नियम मीच केलेला. शेकडो घरांना मीच शिकवलं की सगळ्यांनी मिळून गार व्हायचं, विजेची नासाडी नको, रस्त्यावर ऊब नको. आणि रोज दुपारी ही तळमळायची. अंग जळतं म्हणून ओरडायची. मीटिंगमध्ये उभं राहून कसं सांगणार होतो, माझ्या घराला नियम पुरत नाही म्हणून?"

"सांगितलं असतं तर आम्ही न्हाय म्हटलं असतं?" शिवलीलाचा आवाज चढला. "एका आजारी बाईला? एवढं परकं समजलात?"

"ते एक वेळ समजू," उत्कर्षा म्हणाली. "पण खालिद?"

बिराजदार जिन्याच्या कठड्याला धरून हळूहळू खाली बसले.

आतून आवाज आला. "कोण आलंय? आत या."

उत्कर्षा आत गेली. पलंगावर पार्वतम्मा, काडीसारखी, डोळे तेवढे मोठे. वर भिंतीवर नवा कोरा एसी.

"मी ऐकलं सगळं," ती म्हणाली. "वरची बाई गायची. मी इथं पडून ऐकायची. परवापर्यंत तेवढंच सुख. काल मधेच थांबली. मी ह्यांना म्हटलं, बघून या हो. म्हणाले, झोपली असेल." तिनं डोळे मिटले. "मी गार पडून होते आणि ती माझ्या उबेनं जळत होती, होय?"

मशीन पंचनाम्यासाठी बंद करावं लागणार होतं. आणि ते बंद केलं की ह्या काचेच्या खोलीत ही बाई...

पार्वतम्मानं उशाशी चाचपलं. रिमोट सापडला. तिनं बटण दाबलं. घरघर थांबली.

"अहो, थांबा जरा! प्लांट सुरू होईपर्यंत तरी..."

"नको. वर कुणी नसलं तरी नको."

फोन वाजला. अपेक्षा होती, दवाखान्यातून. रडत होती, त्यामुळं शब्द कळायला वेळ लागला. आईनं डोळे उघडले होते. लेकीला ओळखलं होतं.

खाली जीप आली. खालिद उतरला तो थेट जिना चढून सहाव्यापर्यंत आला. कोठडीतला चुरगळलेला शर्ट, लाल डोळे. कठड्याशी बसलेल्या बिराजदारांसमोर तो उभा राहिला. लोक आपोआप बाजूला झाले. जोतीरामनं एक पाऊल पुढं टाकलं, न जाणो.

"एक सांगा साहेब," खालिद म्हणाला. "त्या व्हॉल्व्हला तुम्ही हात घातला, तेव्हा माझं नाव डोक्यात होतं का? का नंतर सुचलं?"

बिराजदारांनी चेहरा ओंजळीत झाकला.

खालिद उत्कर्षाकडं वळला. "सील काढा मॅडम. पोरंबाळं उकडतायत."

जोतीराम त्याच्याबरोबर तळघरात गेला. उत्कर्षा पलंगापाशी खुर्ची ओढून बसली आणि डोक्यावरची टोपी काढून पार्वतम्माला वारा घालू लागली. खोली भराभर तापत होती. पार्वतम्माच्या कपाळावरच्या शिरा फुगल्या, पण तोंडातून हूं की चूं निघालं नाही.

फार खोलवर काहीतरी धडधडलं. फरशीतून ते पायांना जाणवलं.

"सुरू झालं?" पार्वतम्मानं विचारलं.

"झालं. पण पाणी गार व्हायला वेळ लागेल. चार इमारतींचं पाणी आहे."

"आपल्याकडं आधी येईल का?"

उत्कर्षाचा हात क्षणभर थांबला. "नाही. सगळ्यांकडं बरोबरच येईल."

पार्वतम्मानं मान हलवली. खिडकीच्या तापल्या काचेकडं बघत ती हळूच म्हणाली,

"मग थांबते की."